व्हर्जिनियातल्या इंग्रज घराण्याचं इंग्लंडमधलं मूळ गाव कसं शोधायचं? (ग्लॉस्टर काउंटी, दप्तर जळालेलं)

मूळशोधक:
एका इंग्रज घराण्याची वंशावळ लावतोय. १७६८ पर्यंत साखळी पक्की आहे. त्या वर्षी मेक्लेनबर्ग काउंटीत विल्यम नावाच्या माणसाचं मृत्युपत्र नोंदलंय, त्यात बायको, चार मुलगे आणि दोन मुलींची नावं आहेत. हाच विल्यम लुननबर्ग काउंटीत ४०० एकर घेतो, तेव्हा खरेदीखतात त्याला 'ग्लॉस्टर काउंटीचा' (व्हर्जिनियातल्याच) म्हटलंय. त्याच्या मागचं काहीच हाती लागत नाही. आडनाव इंग्लंडात गल्लोगल्ली सापडणारं.

ऑनलाइन वंशवृक्षांत मात्र सगळीकडे एकच मूळपुरुष दिसतो: १६३५ मध्ये लंडनहून जहाजाने निघालेला विल्यम, वय २२. त्याला एका इंग्रजी गावातला १६१३ चा बाप्तिस्मा जोडलाय आणि १६५२ च्या जमिनीच्या पेटंटमधलं (सरकारी सनदेतलं) नावही. हे धरून पुढे जावं का?

जुनं_दप्तर:
नको. १६३५ ची लंडन बंदराची नोंदवही अस्सल आहे, पण व्हर्जिनियाला निघालेल्यांचं त्यात सहसा नाव आणि वय एवढंच असतं, गाव नसतं. कुणीतरी १६३५ मधून २२ वजा केले आणि १६१३ चा विल्यम हुडकला. शोधायलाच १६१३ घेतलं तर १६१३ च सापडणार, त्याला पुरावा म्हणत नाहीत. शिवाय तिथे उतरलेले कितीतरी लोक पहिल्याच उन्हाळ्यात तापाने दगावत. जहाजावर नाव आहे म्हणजे तो माणूस जगला, असंही धरता येत नाही.

पेटंटची गोष्ट वेगळीच. आणलेल्या दर माणशी ५० एकर, हा हेडराइटचा नियम. पेटंटखालची नावं त्या आणलेल्या माणसांची असतात. आधी काउंटी कोर्टाचा दाखला, मग सचिवाच्या कचेरीतून हक्क, मग मोजणी, मग पेटंट. यात वर्षं जात. दाखले विकलेही जात. त्यामुळे १६५२ हे पेटंटचं वर्ष आहे, आगमनाचं नव्हे. एकाच माणसावर दोनतीनदा जमीन उकळल्याचीही उदाहरणं आहेत. तुमच्या पेटंटात विल्यम जमीन घेणारा आहे की खालच्या यादीतला, हे मूळ प्रतिमेत बघा. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने पेटंटच्या वह्यांच्या प्रतिमा ऑनलाइन ठेवल्या आहेत. वंशवृक्षांत हा फरक सर्रास पुसला जातो.

आता कामाचं. १७६८ वरून एकदम १६३५ वर उडी म्हणजे मधल्या काही पिढ्या हवेत. आधी ग्लॉस्टरमधला बाप सिद्ध करा. काउंटीचं दप्तर १८२० मध्ये आगीत जळालं आणि त्यानंतरचं बरंचसं १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत गेलं. पण काउंटीचं दप्तर जळालं म्हणजे चर्चचं जळालं असं नाही. पेट्सवर्थ पॅरिशच्या (चर्चच्या विभागाच्या) व्हेस्ट्रीची, म्हणजे कारभारी मंडळाची, वही १६७७ पासून शिल्लक आहे, अॅबिंग्डन आणि किंग्स्टन पॅरिशची रजिस्टरंही आहेत. व्हेस्ट्रीच्या वहीतली प्रोसेशनिंगची पानं ओळ न ओळ वाचा. ठरावीक वर्षांनी शेजारी मिळून जमिनीच्या हद्दी फिरून पक्क्या करत, त्यामुळे कोणाच्या बांधाला कोण होता ते तिथे कळतं. १७०४ ची क्विट-रेंटची (जमिनीच्या साऱ्याची) यादीही घ्या, ग्लॉस्टर तिच्यात आहे. शंभर एकराला २ शिलिंग हा दर. नावापुढे एकर लिहिलेले असतात, म्हणून एकाच नावाची दोन माणसं वेगळी काढता येतात.

शेजारच्या काउंट्या विसरू नका. यॉर्क, मिडलसेक्स आणि एसेक्सचं दप्तर बऱ्यापैकी टिकलंय. ग्लॉस्टरवाल्यांची देणीघेणी, साक्षी, सासुरवाडीचे वाटे तिकडे सापडतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाच्या पूर्ण-मजकूर शोधात आडनाव आणि 'ग्लॉस्टर' एकत्र टाका. हस्तलिखित यंत्राने वाचलेलं असतं, तेव्हा आडनावाची चुकलेली रूपंही टाकून बघा.

काठावरची_नोंद:
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. विल्यम ग्लॉस्टरहून एकटा गेला नसेल. लुननबर्गच्या टायदेबल याद्या १७४८ पासून मिळतात. १६ वर्षांवरचे गोरे पुरुष आणि १६ वर्षांवरचे गुलाम स्त्री-पुरुष यांच्यावर तो डोईकर होता. मुलगा सोळाचा झाला की बापाच्या नावाखाली पहिल्यांदा दिसतो, तिथून जन्मवर्षाचा अंदाज येतो. त्याच्या आगेमागे कोणती ग्लॉस्टरची आडनावं आहेत ते टिपा.

गुलामांची नावंही टिपून ठेवा. १७०५ च्या कायद्याने व्हर्जिनियात त्यांना स्थावर मालमत्ता ठरवलं होतं, त्यामुळे माणसं वारशाने एका घरातून दुसऱ्या घरात नोंदीसकट जात. बापाचं मृत्युपत्र जळालं असलं तरी तीच दोनतीन नावं मुलाकडे आणि जावयाकडे दिसली, तर दोन घरं जोडता येतात. हाच धागा त्या गुलाम कुटुंबांचे आजचे वंशजही शोधत असतात. म्हणून नुसता आकडा न लिहिता नावं लिहा.

मूळशोधक:
खूप मदत झाली. तीन शंका. खरेदीखतावर तारीख '१४ फेब्रुवारी १७५०/१' अशी आहे, कोणतं वर्ष धरायचं? मृत्युपत्रात 'कझिन' म्हटलेला एक थॉमस आहे, तो चुलतभाऊ का? आणि 'माझी आत्ताची बायको' असं लिहिलंय, म्हणजे दुसरं लग्न झालेलं?

काठावरची_नोंद:
१७५१. इंग्रजी अमलाखाली तेव्हा कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा दुहेरी लिहीत. टिपताना दुहेरीच ठेवा, स्वतः 'दुरुस्त' करू नका. मागून कुणी पुन्हा एक वर्ष वाढवतो आणि पोर आईबापाच्या लग्नाआधी जन्मतं. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ तारीख आली, आणि वर्ष १ जानेवारीपासून धरायचं ठरलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या नोंदीत महिन्यांना नावं नसून आकडे असतात. १७५२ पूर्वी त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च.

'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो, त्या काळी शब्द सैल होता. 'सन-इन-लॉ' हा जावई असेल किंवा बायकोचा आधीचा मुलगा. 'सीनियर-ज्युनियर' हे बापलेक असतीलच असं नाही, एकाच भागातले थोरला-धाकटा विल्यम एवढाच अर्थ. थोरला वारला की ज्युनियर सीनियर होतो आणि मग घोळ सुरू होतो. 'आत्ताची बायको' यावरून आधीची होती असं सिद्ध होत नाही. ही बायको गेली आणि दुसरी केली तर वाटा तिला जाऊ नये, एवढ्यासाठी वकील तसं लिहीत.

जुनं_दप्तर:
त्यात अजून एक: मृत्युपत्रात मुलाचं नाव नाही म्हणजे मुलगा नाही, असं समजू नका. व्हर्जिनियात १७८५ चा कायदा लागू होईपर्यंत मृत्युपत्राविना जमीन थोरल्या मुलाला जाई. तिची तजवीज आधीच झालेली असली तर बाप त्याला एक शिलिंग लिहितो, नाहीतर काहीच नाही. विल्यम धाकटा असेल आणि म्हणून लुननबर्गला गेला असेल, पण हा नुसता अंदाज. ग्लॉस्टरमधली जमीन पुढे कोणी विकली आणि त्या खतात 'सन अँड एअर-अॅट-लॉ' (मुलगा आणि कायदेशीर वारस) लिहिलंय का, ते शोधा. विकणाऱ्याचं खरेदीखत कुठेच नसेल, तर जमीन वारशाने आली असण्याची शक्यता जास्त.

पॅरिश_वही:
इंग्लंडची बाजू. ग्लॉस्टरमधला पहिला माणूस हाती लागेपर्यंत तिकडे हात घालू नका. लागला की बाप्तिस्म्यांपासून नको, मृत्युपत्रांपासून सुरुवात करा. कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टाची (मृत्युपत्रं मंजूर करणारं चर्चचं कोर्ट) मृत्युपत्रं लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ या मालिकेत आहेत. 'व्हर्जिनियातल्या माझ्या भावाला' असं एक वाक्य शंभर बाप्तिस्म्यांना भारी पडतं. ब्रिस्टलची १६५४ ते १६८६ ची करारबद्ध नोकरांची वही बघा. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच जणांचं मूळ गाव दिलेलं आहे.

पॅरिश रजिस्टरं १५३८ पासून असावीत असा हुकूम होता, पण सगळीच तिथवर पोचत नाहीत. १५९८ पासूनच्या बिशपकडे पाठवलेल्या नकला अनेकदा तो खड्डा भरतात. १६४२ ते १६६० मध्ये यादवी युद्धामुळे मोठी गळती आहे. बाप्तिस्मा सापडला की त्याच पॅरिशमध्ये त्याच नावाचं दफन आणि लग्न आहे का ते आधी बघायचं. १६१३ चा तो विल्यम तीन वर्षांचा असताना पुरला गेला असेल, किंवा १६४० मध्ये तिथेच लग्न करून शेती करत असेल, तर प्रश्नच मिटला. ही तपासणी अर्ध्या तासाची असते आणि वंशवृक्षांत ती क्वचितच केलेली दिसते.

छापील वंशावळीत कुलचिन्ह आणि सरदार घराणं एकदम अवतरलं तर सावध व्हा. गुस्ताव्ह अँजू या माणसाने पैसेवाल्या अमेरिकनांना बनावट वंशावळी विकल्या, त्या अजून फिरताहेत.

डीएनएचं म्हणाल तर साधी ऑटोसोमल चाचणी (आईबाप दोघांकडून आलेल्या डीएनएची) इथे फार उपयोगाची नाही. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज होतात, त्यातल्या कितीतरी जणांचा एकही तुकडा अंगात उरलेला नसतो. वाय-डीएनए (फक्त बापाकडून मुलाकडे जाणारा) घ्या. विल्यमच्या दोन वेगवेगळ्या मुलांचे बाप-ते-मुलगा ओळीतले वंशज आधी एकमेकांशी जुळले पाहिजेत, मगच ती खूण विल्यमची. ३७ मार्करवर (तपासायच्या खुणांवर) नुसता अंदाज येतो, १११ मार्करची किंवा बिग वाय ही अधिक सखोल चाचणी करा. मग इंग्लंडातच राहिलेल्या, कागदावर पक्क्या शाखेचा माणूस तयार झाला तर खरी तुलना. तो जुळला तरी विल्यमचा बाप कोण ते कळणार नाही, फक्त घराणं एक आहे एवढं कळेल.

मूळशोधक:
त्या गावची नक्कल आत्ताच बघितली. १६१३ चा विल्यम १६१७ मध्ये पुरलाय, बापाच्या नावासकट नोंद आहे. पेट्सवर्थची वही मागवतोय.

जुनं_दप्तर:
दफनाची प्रतिमा त्या वंशवृक्षांना जोडून टाका. आणि पेट्सवर्थमध्ये नुसतं आडनाव शोधू नका, १७५१ च्या खरेदीखतावरचे साक्षीदार कोण होते तीही नावं घेऊन बसा.