सीरियाची लोकशाही नेमकी कोणी बुडवली?

चिंचपोकळीकर
सीरियाचा विषय निघाला की ‘अरबांना लोकशाही मानवतच नाही’ असं कुणीतरी हमखास बोलतं, म्हणून हा धागा.

17 एप्रिल 1946 पर्यंत फ्रेंच फौजा निघून गेल्या, तेव्हा तिथे निवडून आलेली संसद होती, पक्ष होते, भांडखोर वर्तमानपत्रं होती. फारिस अल-खूरी हे प्रॉटेस्टंट ख्रिश्चन गृहस्थ या मुस्लिमबहुल देशाचे पंतप्रधान झाले, आणि दहा वर्षांनी पुन्हा झाले. मग 1949 उजाडलं. मार्चमध्ये हुस्नी अल-झईम, ऑगस्टमध्ये सामी अल-हिन्नावी, डिसेंबरमध्ये अदीब शिशकली: एका वर्षात तीन लष्करी उठाव!

माझं म्हणणं असं की लष्कराला दार आतून उघडून मिळालं. राष्ट्राध्यक्ष शुक्री अल-कुवत्लींना दुसऱ्यांदा निवडून यायचं होतं, म्हणून घटनाच बदलून घेतली. पॅलेस्टाइनच्या युद्धात नामुष्की झाल्यावर सरकार लष्कराला बोल लावू लागलं आणि लष्कर सरकारला. सैनिकांच्या जेवणातल्या निकृष्ट तुपाचं प्रकरणही तेव्हाच पेटलं. झईम आला तेव्हा विरोधी पुढाऱ्यांपैकी कितीतरी जण मनातून खूशच होते. हमा शहराचे समाजवादी पुढारी अकरम हौरानी यांनी तर उघड साथ दिली.

बांधावरचा
कुणाची संसद, हे सांगाल का? हमाच्या आसपास गावंच्या गावं मूठभर घराण्यांच्या मालकीची होती. मत कुणाला द्यायचं ते जमीनदाराचा कारभारी ठरवायचा. हौरानींना तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत, पण त्या शेतकऱ्यांना संघटित करून उभं करणारा माणूसही तोच होता. संसदेत कायदा होत नाही म्हटल्यावर तो अधिकाऱ्यांकडे वळला. होम्सच्या लष्करी अकादमीत गरिबांच्या, अल्पसंख्य समाजांच्या पोरांना प्रवेश मिळत होता, संसदेत नव्हता. त्यांनी कुठून शिरायचं होतं?

नकाशेवाला
दोघेही घरातच चोर शोधताय. सौदी तेल भूमध्य समुद्रापर्यंत नेणारी अमेरिकी कंपन्यांची नळवाहिनी सीरियातून जायची होती आणि तो करार दमास्कसच्या संसदेत अडकून पडला होता. झईमने सत्तेवर येताच तो मंजूर करून टाकला. जुलैत इस्रायलशी युद्धबंदीही केली. त्याच्या उठावामागे आपला हात होता असा दावा सीआयएच्या माइल्स कोपलँडने पुढे केला. त्यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण नळवाहिनीचं काय? पुढे इराकला सीरिया हवा होता, सौदी आणि इजिप्तला तो इराकला मिळू द्यायचा नव्हता. 1957 मध्ये सरकार पाडण्याच्या कटाच्या आरोपावरून अमेरिकी मुत्सद्द्यांची हकालपट्टी झाली, तुर्की फौजा सीमेवर येऊन उभ्या राहिल्या. नवख्या देशाने एवढं सगळं कसं पेलायचं?

चिंचपोकळीकर
@नकाशेवाला, बाहेरचा दबाव होताच, नाकारत नाही. पण 1954 चं काय करता? फेब्रुवारीत शिशकलीला हाकललं, सप्टेंबरमध्ये निवडणुका झाल्या, आणि त्या त्या काळच्या अरब जगातल्या सगळ्यात मोकळ्या निवडणुकांपैकी मानल्या जातात. दमास्कसमधून खालिद बकदाश हा कम्युनिस्ट निवडून आला. हौरानी ज्यात होते त्या समाजवादी, अरब ऐक्यवादी बाथ पक्षाला चांगल्या जागा मिळाल्या. म्हणजे @बांधावरचा, तुमच्या हौरानींसाठी संसदेचं दार उघडलं होतं! 1957 मध्ये ते सभापतीही झाले. मग त्यांनी काय केलं? जानेवारी 1958 मध्ये लष्करी अधिकारी सरकारला न विचारता थेट विमानाने कैरोला गेले आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्यासमोर दोन्ही देशांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव ठेवला. नासरची अट होती की सगळे पक्ष बरखास्त. बाथवाल्यांनी स्वतःचा पक्ष मोडला आणि वर उत्सव केला. सभापती महाशय नव्या संयुक्त अरब प्रजासत्ताकात उपराष्ट्राध्यक्ष! सार्वमताचे आकडे शंभर टक्क्यांच्या इतके जवळ होते की त्यांच्यावर बोलण्यात अर्थ नाही.

बांधावरचा
आणि जमीनसुधारणेचा कायदा कधी आला? सप्टेंबर 1958, नासरच्या राजवटीत. तुमच्या मोकळ्या संसदेला चार वर्षांत जे जमलं नाही ते हुकूमशहाने सात महिन्यांत केलं. हमाच्या कुळाला ‘लोकशाही गेली’ म्हणून रडू आलं असेल असं वाटतं का तुम्हाला?

चिंचपोकळीकर
कुळाला जमीन मिळाली, पण ती परत काढून घेतली तर ओरडायला वर्तमानपत्र उरलं नव्हतं, पक्ष उरला नव्हता. हौरानी स्वतः 1959 च्या शेवटी राजीनामा देऊन बाहेर पडले. सप्टेंबर 1961 मध्ये सीरिया फुटून निघाला, तेव्हा फुटीच्या समर्थनाच्या पत्रकावर हौरानी आणि बाथचे सलाह बितार यांच्या सह्या होत्या. ज्यांनी वरात काढली त्यांनीच काडीमोड लिहून दिला.

नकाशेवाला
त्यानंतरचं दीड वर्ष कुणी आठवतच नाही. डिसेंबर 1961 मध्ये निवडणूक, नाझिम अल-कुदसी राष्ट्राध्यक्ष. मार्च 1962 मध्ये लष्कराने त्यांनाच अटक केली आणि काही दिवसांत पुन्हा खुर्चीवर बसवलं. याला संसदीय राजवट म्हणायचं?

बांधावरचा
त्याच राजवटीने 1962 च्या सुरुवातीला जमीनसुधारणा सैल करायला घेतली, हेही नोंदवा. 8 मार्च 1963 ला बाथच्या अधिकाऱ्यांनी उठाव केला तेव्हा गावाकडून संसदेच्या बचावाला कोण येणार होतं?

चिंचपोकळीकर
कोणी आलं नाही, मान्य. पण त्या दिवशी लागू झालेली आणीबाणी 2011 पर्यंत उठली नाही. गावाकडच्यांची मुलं-नातवंडंही त्याच आणीबाणीत तुरुंगात गेली. जमीनदारांच्या संसदेला पुढच्या निवडणुकीत मत न देता घरी बसवता आलं असतं, या लोकांना कसं बसवणार होते?