क्रॉसओव्हर ६० हर्ट्झ की ८०? आणि वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर घ्यावा का?

प्रश्न

सोळा फूट बाय बारा फूट दिवाणखान्यात ५.१ होम थिएटर बसवले आहे. पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर ६ ओहमचे असून त्यांची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विद्युत संकेताला मिळणारी आवाजाची पातळी) ८६ डेसिबल आणि खालची मर्यादा ५५ हर्ट्झ अशी माहितीपत्रकात दिली आहे. सेंटर आणि सराउंड त्याहून लहान आहेत, सबवूफर दहा इंची आहे आणि सोफा स्पीकरपासून तीन मीटरवर आहे. रिसीव्हरने (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राने) मायक्रोफोनद्वारे केलेल्या मोजणीत पुढचे स्पीकर ‘लार्ज’, म्हणजे खर्जही स्वतःच वाजवू शकणारे, ठरवले. दुकानदाराच्या मते ८० वॅटचा रिसीव्हर अपुरा असून १५० वॅटचा स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर लागेल. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या वारंवारतेखालचा आवाज स्पीकरऐवजी सबवूफरकडे जातो ती सीमा, किती ठेवावा, आणि हा खर्च करावा का?

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी वारंवारता एक सप्तक खाली गेली की स्पीकरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. म्हणून ५५ हर्ट्झपर्यंत जाणारा लहान स्पीकर तिथवर मोठ्या आवाजात जाईलच असे नाही. ‘लार्ज’ बदलून ‘स्मॉल’ करावे आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवावा. चित्रपटाच्या ध्वनीची मानके ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही हाच आकडा प्रमाण मानला आहे, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही.

आता वॅटचा हिशेब पाहू. एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल मिळत असतील, तर मोकळ्या जागेत तीन मीटरवर साधारण साडेशहात्तर उरतात. चित्रपटगृहासाठी ठरलेल्या प्रमाण पातळीपेक्षा १० डेसिबल कमी आवाजात पाहिल्यास मुख्य स्पीकरकडून ९५ डेसिबलची शिखरे अपेक्षित असतात, आणि त्यासाठी सुमारे ७० वॅट लागतात. पूर्ण प्रमाण पातळीला तोच आकडा ७०० च्या घरात जातो, पण सदनिकेत त्या पातळीवर कोणी ऐकत नाही. शेजारी ऐकू देतही नाहीत. ८० ऐवजी १५० वॅट घेतल्याने पदरात तीन डेसिबलसुद्धा पडत नाहीत. दुकानदाराने या गोष्टीचा उल्लेख केला नसावा.

प्रतिसाद २

निष्कर्ष मान्य आहे, मात्र हिशेबात एक दुरुस्ती हवी. सेन्सिटिव्हिटी बहुधा २.८३ व्होल्टला मोजलेली असते, आणि त्या दाबाला ६ ओहमचा स्पीकर एक नव्हे, तर सव्वा वॅटहून थोडी अधिक शक्ती घेतो. त्यामुळे ७० चे ९० ते ९५ वॅट होतात. उलट बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे अंतराची घट कमी होते, म्हणून प्रत्यक्षात फारसे बिघडत नाही. रिसीव्हरचे ८० वॅट कोणत्या अटींवर दिले आहेत हे मात्र अवश्य पाहावे. ८ ओहमला, दोन चॅनल चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झ असा उल्लेख असेल तर आकडा विश्वासार्ह मानावा. केवळ १ किलोहर्ट्झवर, एकच चॅनल चालवून आणि १० टक्के विकृती धरून दिलेला आकडा निव्वळ जाहिरातीपुरता असतो.

सगळ्या स्पीकरना ८० लावण्याची सक्ती नाही. सराउंड लहान असतील तर १०० किंवा १२० ठेवावा. सेंटरला १०० चालेल, पण मग सबवूफर कोपऱ्यात न ठेवता पुढच्या भिंतीशी सेंटरच्या जवळ ठेवावा. अन्यथा पुरुषांच्या आवाजाचा खर्ज बाजूने येतो आहे असे वाटू लागते.

प्रश्नकर्ता

८० वर ठेवल्यावर संवाद स्वच्छ झाले, पण गाण्यांतला ठेका पूर्वीपेक्षा पोकळ वाटतो. सबवूफरच्या मागची क्रॉसओव्हरची कळही ८० वरच आहे.

प्रतिसाद १

ती कळ पूर्ण वर फिरवावी, नाहीतर रिसीव्हरची आणि सबवूफरची अशा दोन गाळण्या एकावर एक बसतात. रिसीव्हरमधील ‘एलएफई’ची (चित्रपटातील खास खर्जाच्या वेगळ्या चॅनलची) मर्यादा मात्र १२० हर्ट्झवरच असू द्यावी, कारण त्या चॅनलमध्ये तिथपर्यंतचा आवाज भरलेला असतो. तरीही पोकळपणा राहिला तर ८० हर्ट्झचा स्वर पुढचे स्पीकर आणि सबवूफर यांवर एकत्र वाजवावा आणि मेनूतील सबवूफरचे अंतर थोडे थोडे बदलत सोफ्यावर तो स्वर कुठे सर्वांत मोठा येतो ते पाहावे. या स्वराची तरंगलांबी सव्वाचार मीटरच्या आसपास असल्यामुळे दोन मीटरच्या चुकीनेही स्पीकर आणि सबवूफर एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. ॲम्प्लिफायरचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडण्याच्या खोबण्या) आहेत याची खात्री करून.