मसाजला जाताना कपडे कोणते घालावेत?

शेवंती
मान आणि खांदे बरेच दिवस धरलेत. डॉक्टरांना दाखवून झालं, हाडाबिडाचं काही नाही, दिवसभर स्क्रीनपुढे वाकून बसायचे प्रताप. शेवटी पुढच्या आठवड्यात 60 मिनिटांचा मसाज बुक केलाय. प्रश्न बाळबोध आहे, पण ओळखीत विचारायला संकोच वाटतो म्हणून इथे विचारतेय. घालून काय जायचं? आणि तिथे गेल्यावर काढायचं काय आणि किती? फोनवर विचारलं तर "कम्फर्टेबल कपडे घाला मॅडम" एवढंच म्हणाले. सगळे कपडे काढायची माझी तयारी नाही. पण जीन्स-शर्टात आडवी पडले तर ती बाई मसाज करणार तरी कशी? जाणकारांनी उजेड पाडावा.

काटकोन
आधी सांगा, मसाज तेलाचा की बिनतेलाचा? सगळं त्यावर अवलंबून आहे.

थाई मसाज असेल तर कपडे अंगभर असतात. खाली गादीवर झोपवतात आणि हातपाय चांगले ताणतात, गुडघा छातीपर्यंत येतो, कंबर पिळतात. त्यामुळे सैल, ताणली जाणारी पँट आणि साधा टीशर्ट बरा. आखूड शॉर्ट्स नकोत, पाय वर गेला की पंचाईत. बरेच ठिकाणी ते स्वतःच सैल सुती जोड देतात. शियात्सुलाही (जपानी, बोटांनी दाब देऊन करतात तो) कपडे तसेच, आणि खुर्चीवरचा मसाज तर ऑफिसच्या कपड्यांतही होतो, फक्त कॉलर आणि जाड शिवण आड येते. नुसता तळपायांचा असेल तर गुडघ्यापर्यंत वर सरकेल अशी पँट घाला, विषय संपला.

स्वीडिश, डीप टिश्यू, अभ्यंग हे तेलाचे. ते कपड्यांवरून होत नाहीत.

शेवंती
पावतीवर 'स्वीडिश' लिहिलंय. म्हणजे तेल. बोंबला!

निवांत_मी
अहो, बोंबलण्यासारखं काही नाही. चांगल्या ठिकाणी कपडे कोणासमोर काढायचे नसतातच. मसाज करणाऱ्या बाई तुम्हाला खोली दाखवतात, कपडे कुठे अडकवायचे आणि चादरीखाली पालथं झोपायचं की उताणं ते सांगतात आणि दार लावून बाहेर जातात. तुम्ही चादर ओढून पडलात की दारावर टकटक करून मगच आत येतात. हे झालं नाही तर सरळ म्हणा, "मी बदलून घेते, तुम्ही थोडं बाहेर थांबता का?"

हातगुण
मी हेच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कपडे किती काढायचे हे ठरवणारी मी नाही, तुम्ही. जेवढा भाग उघडा तेवढ्यावर तेल लावता येतं, बाकीच्या भागावर चादरीवरून दाब देता येतो. दोन्ही चालतं. शेवंती, तुमचं दुखणं मान-खांद्यांचं आहे, म्हणजे कमरेखालचं काहीच काढायची गरज नाही. सैल पायजमा किंवा ट्रॅक पँट तशीच ठेवा. फक्त इलॅस्टिकची हवी, नाडीची गाठ पालथं पडल्यावर पोटात रुतते. आम्ही कमरेचा पट्टा बोटभर खाली दुमडून त्यात टॉवेल खोचतो, म्हणजे पँटला तेल लागत नाही.

ब्राचं म्हणाल तर, पाठीवरचे हात मानेपासून कमरेपर्यंत लांब फिरतात, मध्ये पट्टा आला की ती लय तुटते आणि पट्ट्याच्या कडेला तेल साचतं. त्यामुळे पालथं झाल्यावर मागचा हूक काढला तर काम सोपं होतं. ब्रा अंगाखाली तशीच राहते, पुढचं काही दिसत नाही. हूकही काढायचा नसेल तर तसं सांगा, मी पट्ट्याच्या वरखाली काम करते. स्पोर्ट्स ब्रा मात्र नको. मागचा चौडा पट्टा नेमका दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये येतो, आणि स्क्रीनपुढे बसणाऱ्यांचं दुखणं तिथेच असतं. तारेची ब्राही पालथं पडल्यावर टोचते.

जिथे काम चालू तेवढाच भाग उघडा, बाकी सगळं झाकलेलं, ही आमच्या कामातली साधी शिस्त आहे. पाठीचं झालं की पाठ झाकायची, मग हात. कूस बदलताना आम्ही चादर उंच धरतो आणि स्वतः तोंड फिरवतो, तुम्ही आतल्या आत वळता.

बिनधास्त७
एवढा विचार कशाला? पैसे दिलेत ना, सगळं काढून चादरीखाली पडा. कपडे ठेवले की अर्धा मसाज वाया.

निवांत_मी
वाया बिया काही जात नाही. तासभर कपड्यांच्या काळजीत अंग आखडून पडलं तर स्नायू सैल होणार कसे? अंगावर दोन कपडे जास्त ठेवून माणूस मोकळा पडत असेल तर ठेवू दे की.

हातगुण
निवांत, शंभर टक्के अनुमोदन. उलट बाजूही सांगून ठेवते. अंतर्वस्त्रं काढाच असा आग्रह कोणी धरत असेल, चादर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर उठायचं, कपडे घालायचे आणि बाहेर पडायचं. अर्ध्यातून थांबवायचा हक्क तुमचा आहे. बाई हवी की पुरुष तेही बुकिंगच्या वेळी सांगता येतं.

पाऊलखुणा
धाग्यात घुसखोरी करतोय. मी धावतो, मांडीच्या मागचा स्नायू आणि पोटरी यांसाठी स्पोर्ट्स मसाज घ्यायचाय. बॉक्सर चालेल ना? की धावायची घट्ट टाइट्स?

काटकोन
टाइट्स नको, ती सोलून काढावी लागते आणि मांडीवर तेल लावायला जागाच नाही. लांब पायांचा बॉक्सरही गुंडाळला जाऊन मध्ये येतो. आत साधी ब्रीफ, वर सैल पायांची धावायची शॉर्ट्स. शॉर्ट्सचा पाय वर सरकवला की मांडीचा मागचा भाग मोकळा होतो. कुल्ल्यांच्या स्नायूंवर शॉर्ट्सवरूनच कोपराने दाब देतात, तिथे तेलाची गरज नसते.

शेवंती
हातगुण, किती आभार मानू! हूकाचं कोणीच सांगितलं नव्हतं. आता तिथे डिस्पोजेबल पँटी देतात म्हणे, ती घालायची का? आणि येताना अंगावर काय? तेल कपड्यांना लागणार ना?

हातगुण
डिस्पोजेबल म्हणजे कागदासारख्या पातळ कापडाची, सगळ्यांना एकच माप. कोणाला ढगळ, कोणाची घालतानाच टर्रकन फाटते. सर्वांगाला तेल लावणार असतील तर तिचा उपयोग, तुमच्या बाबतीत नाही. आपली जुनी, सुती, गडद रंगाची घालून जा. डाग पडला तर हळहळ नको.

येतानाचे कपडे: तेल पुसून घेतात, तरी अंगावर थोडं राहतंच. रेशमी, पांढरं, फिकट काही नको. पॉलिएस्टर तेल धरून ठेवतं, धुतल्यावरही वास जात नाही, म्हणून सुती. पुढून बटणांचा सैल शर्ट असेल तर उत्तम, मानेचा मसाज झाल्यावर डोक्यातून टीशर्ट ओढायला नको वाटतं. चप्पल किंवा पाय सरकवायचे बूट. बराच वेळ पडून एकदम उठलं की काहींना गरगरतं, तेव्हा वाकून लेस बांधत बसू नये.

तेलकट कपडे घरी आल्यावर पाण्यात टाकण्याआधी डागावर भांड्यांचा लिक्विड साबण चोळून ठेवा, मग गरम पाण्यात धुवा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तेल राहिलेले टॉवेल ड्रायरमधून काढून गरम असतानाच घडी करून रचू नका. वनस्पती तेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता तयार होते, ढिगाच्या आत ती कोंडते आणि कापड आपोआप पेटू शकतं. आम्ही टॉवेल पूर्ण गार झाल्यावरच रचतो.

बिनधास्त७
हे नवीनच कळलं. धन्स.

निवांत_मी
कपड्यांसोबत अंगावरचं बाकीचंही बघा. चेन, लांब कानातले, घड्याळ, अंगठ्या घरीच ठेवलेल्या बऱ्या. तिथल्या वाटीत काढून ठेवलेली अंगठी विसरून येणारे कमी नाहीत. मोठी क्लिप नको, साध्या रबराने केस डोक्यावर बांधा, मान मोकळी राहील.

हातगुण
लेन्स लावत असाल तर काढायची डबी सोबत न्या. टेबलाला तोंडासाठी भोक असतं, त्याची गादी डोळ्यांभोवती दाबते. दाट मेकअपही नको, सगळा त्या गादीच्या कापडाला पुसला जातो. पायात दाबाचे मोजे डॉक्टरांनी दिलेले असतील, किंवा दंडावर-पोटावर साखर मोजायचा सेन्सर असेल, तर ते काढायच्या भानगडीत न पडता आधी सांगा. मोजे रक्ताच्या गुठळीसाठी असतील तर पायांचा मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. बदाम किंवा तिळाची ॲलर्जी असली तर तेही बुकिंगलाच कळवा.

शेवंती
लेन्स आहेतच, त्या दिवशी चष्माच लावते. बाकी राखाडी ट्रॅक पँट, पुढून बटणांचा जुना शर्ट, मागे हूकची साधी ब्रा. फोन करून बाई हवी म्हणून सांगितलं आणि खोलीत बदलायला वेळ देता ना, हेही विचारून घेतलं. हो म्हणाले.