मदत हवी: 'पुट ऑफ'चा अर्थ इथे बसत नाहीये

निशाचर: 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, हे मला माहीत आहे. पण तो अर्थ लावला की वाक्याचा पार चोथा होतोय. उत्तरसूचीत तिसरा पर्याय दिलाय. का? लवकर सांगा, परवा पेपर आहे.

सुपारीवाला: वाक्य कुठलं? पर्याय कुठले? आम्ही काय मनकवडे आहोत?

रानफूल: पेपर कसला, बारावीचा की स्पर्धा परीक्षेचा?

निशाचर: परीक्षेचा काय संबंध? हे घ्या वाक्य: 'डोन्ट बी पुट ऑफ बाय हिज रफ मॅनर.'

तात्या_नाशिककर: फ्रेजल व्हर्बची, म्हणजे 'पुट ऑफ'सारख्या जोडक्रियापदांची, यादी रोज थोडी थोडी पाठ करा. बँकेच्या परीक्षेला मी तेच केलं.

वाचनवेडी: तात्या, पाठ केलेला अर्थच तर नडतोय त्याला! निशाचर, काय पुट ऑफ झालं ते आधी बघा. मीटिंग, लग्न, सहल असेल तर पुढे ढकलली. माणूस असेल तर त्याचं मन उडालं, तो बिचकला. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड' म्हणजे वासानेच अन्नावरची वासना उडाली. तुमच्या वाक्यात, त्याच्या तुसडेपणाने बिचकू नका. तिसरा पर्याय 'डिस्करेज्ड' असणार.

सुपारीवाला: माणसाच्या बाबतीत दर वेळी तसं नसतं हो. घरमालक भाडं मागायला आला आणि 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून त्याला वाटेला लावलं, तरी 'आय पुट हिम ऑफ'च. खरी खूण 'बाय'.

वाचनवेडी: टोलवण्याचा अर्थ मान्य. 'बाय'चं नाही पटलं. 'द मॅच वॉज पुट ऑफ बाय द क्लब' यातही 'बाय' आहे, आणि मॅच पुढेच गेलीय.

रानफूल: आमच्या घरी 'लाइट पुट ऑफ कर' म्हणतात, ते चूक का?

तात्या_नाशिककर: 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' म्हणावं. अवांतर: पोस्टपोनच्या उलट 'प्रीपोन' हा शब्द मुख्यतः आपल्या भारतातच चालतो, आता डिक्शनरीतही आहे.

निशाचर: हो, 'डिस्करेज्ड'च आहे. आता 'पुट ऑफ टू गो' का चूक ते सांगा.

वाचनवेडी: 'पुट ऑफ'पुढे क्रियापद आलं की आयएनजी: 'पुट ऑफ गोइंग'. आणि 'इट' मध्येच येतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' लिहिलंत तर मार्क गेले.

तात्या_नाशिककर: माझ्याकडे यादीची पीडीएफ आहे, हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.