ऑफ-पंप बायपास: पाच वर्षांनंतरचं चित्र

ऑफ-पंप बायपास म्हणजे हृदय-फुफ्फुस यंत्र (पंप) न लावता, धडधडत्या हृदयावर केलेली बायपास. “पंप नाही म्हणजे वयस्कर, मधुमेही रुग्णाला दीर्घकाळ फायदा” असं एक मत मांडलं जातं; ते सरसकट पटत नाही. अमेरिकेतल्या ‘रूबी’ चाचणीत (२,२०३ रुग्ण) पाच वर्षांत ऑफ-पंप गटात १५.२ टक्के मृत्यू झाले, पंपवाल्यांत ११.९. उलट १९ देशांतल्या ‘कोरोनरी’ चाचणीत (४,७५२ रुग्ण) दोन्ही गट जवळपास सारखेच. एक मोठा फरक सर्जनच्या हाताचा: रूबीत २० ऑफ-पंप केसेसचा अनुभव पुरत होता, कोरोनरीत १०० हून अधिक लागत.

खरी अडचण सर्कमफ्लेक्सच्या (हृदयाच्या डाव्या-मागच्या बाजूला रक्त नेणाऱ्या धमनीच्या) शाखांची. मागची भिंत दिसावी म्हणून हृदय उचललं की उजवा कप्पा दाबला जातो, बीपी पडतं आणि ‘राहू दे ती शाखा’ असं होतं. राहिलेल्या ग्राफ्टची (न जोडलेल्या पर्यायी रक्तवाहिनीची) किंमत पुढे कळते. म्हणून आधी लीमा (छातीतली डावी मॅमरी धमनी) एलएडीला (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीला) जोडून घ्यायची, टेबल डोक्याकडून खाली, उजवा प्ल्युरा (फुफ्फुसाभोवतीचं आवरण) उघडा, धमनीत शंट (जोड घालताना रक्त चालू ठेवणारी छोटी नळी). हृदय फुगलेलं, ईएफ (रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता) कमी आणि मायट्रल झडपेची गळती असेल तर ठरवून पंपावर जावं. घाईत पंप लावावा लागला की मृत्यूचं प्रमाण बरंच वाढतं.

चुनखडलेल्या महाधमनीत मात्र ऑफ-पंपच. पण तिथे साइड क्लॅम्प (महाधमनी बाजूने धरणारा चिमटा; त्याने चुना सुटू शकतो) लावलात तर पक्षाघात टाळण्याचा हेतूच गेला! दोन्ही मॅमरींचा वाय-आकाराचा ग्राफ्ट करून महाधमनीला हात न लावणं हेच खरं तंत्र. छाती बंद करण्याआधी प्रत्येक ग्राफ्टचा फ्लो मोजा: मिनिटाला २० मिलीहून कमी किंवा पल्सॅटिलिटी इंडेक्स (प्रवाहातल्या अडथळ्याचा निर्देशांक) ५ च्या वर असेल तर जोड पुन्हा तपासा.