इंग्लंडची पहिली सत्ताधारी राणी कोण म्हणावी: मटिल्डा, जेन की मेरी?

वाचनवेल्हाळ

नमस्कार. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात ट्यूडर घराण्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. टिपणे काढायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. इंग्लंडच्या गादीवर स्वतःच्या हक्काने बसलेली पहिली स्त्री म्हणून कोणी मेरी पहिली हिचे नाव देतात, कोणी तिच्या आधी नऊ दिवस राणी म्हणवली गेलेल्या लेडी जेन ग्रेचे, तर कोणी थेट चारशे वर्षे मागे जाऊन ११४१ मधल्या मटिल्डाचे. मराठीत तर पंचाईत अधिकच, कारण राजाची पत्नी तीही राणी आणि स्वतः राज्य करणारी तीही राणीच. त्यामुळे यादी केली की ॲन बोलिन आणि एलिझाबेथ, म्हणजे आई आणि लेक, एकाच रांगेत येऊन बसतात.

माझे प्रश्न दोन आहेत. मटिल्डाने राजाला कैद केले होते, तरी तिला राणी का म्हणत नाहीत? आणि जेनचे नऊ दिवस धरायचे की नाहीत? नुसत्या तारखांपेक्षा त्यामागचे कारण कोणी समजावून सांगितले तर अधिक उपयोग होईल.

मध्ययुगीन

मटिल्डाचे प्रकरण आधी घेतो. २५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री नॉर्मंडीतल्या बारफ्लर बंदरातून निघालेले 'व्हाइट शिप' हे जहाज खडकावर आदळून बुडाले आणि त्यात इंग्लंडचा राजा हेन्री पहिला याचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम गेला. मागे उरली ती मटिल्डा, जिचे लग्न अगदी कोवळ्या वयात जर्मन सम्राट हेन्री पाचवा याच्याशी लावून दिलेले होते. ११२५ मध्ये ती विधवा झाली, तेव्हा बापाने तिला माघारी बोलावले आणि ११२७ च्या आरंभी सरदार आणि धर्माधिकारी यांच्याकडून, पुत्र न झाल्यास हिलाच वारस मानू, अशी शपथ वदवून घेतली. शपथ घेणाऱ्यांत हेन्रीचा भाचा स्टीफनही होता. पुढच्याच वर्षी हेन्रीने तिचे दुसरे लग्न फ्रान्समधल्या आंजूच्या जेफ्रीशी लावले आणि माझ्या मते तिचा घात इथेच झाला, कारण नॉर्मन सरदारांचे आणि आंजूवाल्यांचे पिढ्यानपिढ्यांचे हाडवैर होते. तिला राणी केले तर तिच्या मागोमाग जेफ्री येऊन बसेल, ही भीती त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

१ डिसेंबर ११३५ रोजी हेन्री नॉर्मंडीत वारला, तेव्हा मटिल्डा नवऱ्याच्या मुलखात होती आणि तिला दिवस गेलेले होते. स्टीफनने घाईघाईने इंग्लिश खाडी ओलांडली, लंडनकरांना आपलेसे केले, विंचेस्टरचा बिशप असलेल्या धाकट्या भावाच्या, हेन्रीच्या, मदतीने तिथला खजिना हाती घेतला आणि २२ डिसेंबरला राज्याभिषेक उरकूनही टाकला. त्या काळी राजा मेला की त्याचे मूल आपोआप राजा होत नसे, अभिषेकाचे तेल डोक्याला लागेपर्यंत गादी रिकामीच समजत. ती तीन आठवडे रिकामी होती आणि तेवढे त्याला पुरले.

२ फेब्रुवारी ११४१ रोजी लिंकनच्या लढाईत स्टीफन पकडला गेला आणि त्याची रवानगी ब्रिस्टलच्या किल्ल्यात झाली. एप्रिलमध्ये विंचेस्टरला धर्मसभा भरली आणि तिने मटिल्डाला 'इंग्रजांची स्वामिनी' म्हणून मान्य केले. सभेचा सूत्रधार होता तोच बिशप हेन्री. ही पदवी कमी दर्जाची होती असे पुष्कळ जण समजतात, पण ते बरोबर नाही. पुढे रिचर्ड आणि जॉन या राजांनीही अभिषेक होईपर्यंत स्वतःला 'स्वामी' असेच म्हणवले आहे. म्हणजे ती अभिषेकाच्या उंबरठ्यापर्यंत आली होती. जूनमध्ये ती वेस्टमिन्स्टरला पोहोचली, लंडनकरांकडे भरमसाट पैसा मागितला, त्यांनी सवलत मागितली तेव्हा त्यांना झिडकारले, आणि २४ जूनला शहरातल्या घंटा वाजू लागून जमाव चाल करून आला. ताटे वाढलेली तशीच टाकून तिला ऑक्सफर्डकडे पळावे लागले. अभिषेक राहिला तो कायमचाच. म्हणून राजांच्या यादीत तिला जागा नाही.

रानजाई

मध्ययुगीन यांच्या प्रतिसादात एक मटिल्डा राहून गेली. स्टीफनच्या पत्नीचे नावही मटिल्डाच, ती बुलोनची. नवरा ब्रिस्टलला बेड्यांत असताना तिने आधी सम्राज्ञीकडे, म्हणजे हेन्रीच्या मुलीकडे, विनवणी केली. ती धुडकावली गेल्यावर केंटमधून सैन्य आणून थेम्सच्या दक्षिण तीरावरचा मुलूख जाळायला सुरुवात केली. लंडनकरांना नदीपलीकडचा धूर दिसत होता, आणि शहराने कूस बदलली त्याला सम्राज्ञीच्या फटकळपणाइतकाच हा धूरही कारणीभूत आहे. सप्टेंबरमध्ये विंचेस्टरला हिच्याच फौजेने सम्राज्ञीची दाणादाण उडवली आणि तिचा सावत्र भाऊ, ग्लॉस्टरचा रॉबर्ट, हाती लागला. मग रॉबर्टच्या बदल्यात स्टीफन, अशी अदलाबदल ठरली आणि ती पुरी होईपर्यंत राणी स्वतः ब्रिस्टलला ओलीस राहिली.

सम्राज्ञीवरच्या गर्विष्ठपणाच्या आरोपाबद्दलही थोडे बोलायला हवे. तो आरोप मुख्यतः स्टीफनच्या बाजूच्या इतिवृत्तकाराने केलेला आहे. ती कपाळाला आठ्या घालून बोलते, उठून स्वागत करत नाही, अशा त्याच्या तक्रारी आहेत. तिचा बाप याहून पुष्कळ कठोर होता आणि त्याचे मात्र कोणी वर्तन मोजत बसले नाही. शिवाय ही बाई खचणारी नव्हती. डिसेंबर ११४२ मध्ये स्टीफनने ऑक्सफर्डच्या किल्ल्याला वेढा घातला असताना ती मोजक्या सरदारांसह रात्री बाहेर पडली, बर्फात दिसू नये म्हणून पांढरी वस्त्रे पांघरून, आणि गोठलेली नदी पायी ओलांडून ॲबिंग्डनला आणि तिथून वॉलिंगफर्डला पोहोचली. ११६७ मध्ये मरेपर्यंत तिने 'सम्राज्ञी' हे बिरुद वापरले, 'काउंटची बायको' हे कधी लावून घेतले नाही.

कायद्याचा कीडा

आता जेन आणि मेरी. मेरीचा सावत्र भाऊ, राजा सहावा एडवर्ड, १५५३ च्या वसंतात आजारी होता. वय पंधरा. त्याने वारसाहक्काचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहिला. तो कागद आजही लंडनच्या इनर टेम्पलच्या ग्रंथालयात आहे. प्रोटेस्टंट पुरुष वारस हवा, पण घराण्यात मुलगाच नाही, या अडचणीतून त्याने आधी लिहिले होते 'जेनच्या मुलग्यांना'. जेन ही त्याच्या आत्याची नात. प्रकृती ढासळली, जेनला मुलगा होण्याची वाट पाहण्याइतका वेळ उरला नाही, तेव्हा जेनच्या नावापुढचा षष्ठीचा 'एस' खोडला गेला आणि ओळीच्या वर दोन शब्द भरले गेले: 'आणि तिच्या'. झाले 'जेनला आणि तिच्या मुलग्यांना'. एक अक्षर खोडून आणि दोन शब्द घालून सोळा-सतरा वर्षांची मुलगी वारस झाली.

पण हा मसुदा पार्लमेंटपुढे कधी गेला नाही. हेन्री आठवा याच्या काळातल्या १५४४ च्या कायद्याने एडवर्डनंतर मेरी आणि तिच्यानंतर एलिझाबेथ हा क्रम ठरलेला होता, आणि तो बदलण्याचा प्रयत्न हाच राजद्रोह होता. सरन्यायाधीश मॉन्टेग्यू यांनी हीच हरकत घेतली होती. आजारी राजाने दम भरला तेव्हा ते वठणीवर आले. ६ जुलैला एडवर्ड वारला, १० जुलैला जेनच्या नावाची द्वाही फिरली, इकडे मेरीने नॉरफोकमधून सफोकमधल्या फ्रॅमलिंगहॅम किल्ल्यात येऊन माणसे जमवली, आणि १९ जुलैला लंडनमध्ये मेरीचीच द्वाही फिरली. जेनला अभिषेकही नाही आणि पार्लमेंटची मान्यताही नाही. मी तिला यादीत धरत नाही, पण तिची एक गोष्ट महत्त्वाची मानतो. नवरा गिल्डफर्ड डडली याला राजा करावे असा सासरच्यांचा आग्रह होता; तिने साफ नकार दिला, सरदारकी देईन म्हणाली, राजपद नाही. सासू इतकी संतापली की मुलाला तिच्यापासून दूर ठेवण्याची धमकी तिने दिली.

मटिल्डाचा जेफ्री, जेनचा गिल्डफर्ड, मेरीचा फिलिप: तिघींच्या वाटेतला दगड एकच. इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या स्त्रीची जमीन नवऱ्याच्या ताब्यात जाई. मग राणीचे राज्यही जाते काय? मेरीने स्पेनच्या फिलिपशी लग्न करायचे ठरवले तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. एप्रिल १५५४ मध्ये पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने सांगितले की राजसत्ता पुरुषाकडे असो वा स्त्रीकडे, तिचे अधिकार सारखेच आणि पूर्ण. दुसऱ्याने फिलिपला राजा ही पदवी दिली, पण अधिकारपदांवर परदेशी माणूस नेमायचा नाही, आणि मेरी निपुत्रिक वारली तर फिलिपचा इंग्लंडवर हक्क नाही, अशी कलमे घातली. पहिल्या कायद्याबद्दल एक आख्यायिका सांगतात: जुने कायदे फक्त 'राजा' म्हणतात, तेव्हा राणीला ते बंधनकारकच नाहीत, असा सल्ला कोणीतरी मेरीला लिहून दिला आणि तिने तो जाळला. खरी असो नसो, मुद्दा खराच आहे. अधिकारांबरोबर बंधनेही राणीला लागू झाली.

म्हणून माझे मत मेरीच्या बाजूने आहे. एलिझाबेथला १५५८ मध्ये बहिणीची ही तयारी आयती मिळाली, आणि नवऱ्याचा प्रश्न तिने लग्नच न करून संपवला.

नाणेवेडा

कायद्याचा कीडा यांनी सांगितलेले सगळे एका शिलिंगवर पाहायला मिळते. फिलिप आणि मेरी यांच्या शिलिंगवर दोघांचे चेहरे नाकासमोर नाक असे समोरासमोर आहेत आणि मुकुट एकच, दोघांच्या डोक्यांच्या मधोमध अधांतरी. तो नक्की कोणाचा, हे नाणे सांगत नाही. मटिल्डाच्या नावाची नाणीही ब्रिस्टल, कार्डिफ इथे पाडली गेली आणि त्यांवर 'सम्राज्ञी' असे लिहिलेले आहे. आपल्याकडच्या राणीछाप रुपयाशी ताडून पाहावे: १८७६ पर्यंतच्या रुपयांवर व्हिक्टोरिया 'राणी' आहे, १८७७ पासून 'सम्राज्ञी', आणि तिचा नवरा अल्बर्ट याचा चेहरा कुठेही नाही.

वाचनवेल्हाळ

सर्वांचे मनापासून आभार. नवऱ्याचा धागा मला सुचलाच नव्हता, आता बोलण्याची मांडणीच त्यावर करतो. १६८९ मध्ये मेरी दुसरी आणि तिचा नवरा विल्यम दोघे मिळून गादीवर आले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उठला का? आणि त्यांच्यानंतरच्या ॲन राणीचे काय?

कायद्याचा कीडा

उठला, आणि या वेळी नवरा जिंकला. विल्यमने पत्नीचा हुजऱ्या होऊन राहण्यास नकार दिला, म्हणून दोघांनाही मुकुट मिळाला, पण राज्यकारभाराचा प्रत्यक्ष अधिकार एकट्या विल्यमच्या नावाने ठेवला गेला. तो परदेशी मोहिमेवर गेला की मेरी कारभार पाही आणि चांगला पाही. ॲनच्या वेळी, १७०२ मध्ये, तिच्या नवऱ्याला, डेन्मार्कच्या जॉर्जला, राजपद मिळाले नाही आणि त्याने त्यासाठी हट्टही धरला नाही. मार्च १७०८ मध्ये तिने स्कॉटलंडच्या नागरी सैन्याचे विधेयक फेटाळले. त्यानंतर ब्रिटिश गादीवरच्या कोणीही पार्लमेंटच्या विधेयकाला संमती नाकारलेली नाही.

जाता जाता, 'नऊ दिवसांची राणी' हा हिशेब द्वाहीच्या दिवसापासूनचा आहे. एडवर्डच्या मृत्यूपासून मोजले तर तेरा दिवस भरतात. वाचनगटात हे कोणीतरी विचारेलच.