मदत हवी आहे: ट्रेलरवर न विसंबता चित्रपटाची खरी प्रकृती आधी कशी ओळखावी?

नमस्कार.

एका अडचणीवर अनुभवी प्रेक्षकांचा सल्ला हवा आहे. चित्रपटाची गोष्ट आधी कळू न देता तो मुळात कोणत्या जातीचा आहे, म्हणजे हसवणारा, घाबरवणारा की शोकाकडे नेणारा, हे तिकीट काढण्यापूर्वी खात्रीने समजण्याचा काही मार्ग आहे का? ट्रेलर पाहून एवढे तरी कळते, असा माझा आजवरचा समज होता.

प्रसंग असा घडला. दीर्घ आजारपणानंतर आई गेली आणि पुढचे आठ महिने बाबांनी घराबाहेर पडणे जवळजवळ बंद केले. एका चित्रपटाचा ट्रेलर मी त्यांना मोबाइलवर दाखवला. त्यात उतारवयातले एक जोडपे, त्यांची जुनी गाडी, वाट चुकल्यावरून होणारी त्यांची भांडणे आणि मागे शिटीवर वाजणारी एक खेळकर धून होती. बाबा हसले आणि आपणहून "जाऊ या" म्हणाले. प्रत्यक्षात पहिल्या अर्ध्या तासातच तो प्रवास संपतो आणि पुढचा सगळा चित्रपट बायकोचा आजार, रुग्णालयातील रात्री आणि तिच्यामागे एकटा राहिलेला नवरा यांचा आहे. मी दोनदा "निघू या का?" असे विचारले, तेव्हा बाबांनी फक्त मानेने नकार दिला. "तू पाहत होतीस, म्हणून उठलो नाही," असे त्यांनी घरी आल्यावर सांगितले. मी त्यांच्यासाठी बसून राहिले होते आणि ते माझ्यासाठी.

चित्रपट वाईट नव्हता, हे मुद्दाम नोंदवते. कदाचित आणखी दोन वर्षांनी तोच चित्रपट आम्हा दोघांना जवळचा वाटला असता. पण केव्हा पाहायचा हे ठरवण्याची संधी आमच्याकडून काढून घेतली गेली, याचे दुःख अजून कमी झालेले नाही.

नंतर मी तो ट्रेलर चार वेळा पुन्हा पाहिला. त्यातली हसवणारी दृश्ये खोटी नाहीत, पण ती सगळी पहिल्या अर्ध्या तासातली आहेत. बायकोच्या डोक्याला जवळजवळ प्रत्येक दृश्यात रुमाल बांधलेला आहे, आणि तो मला प्रवासातला पेहराव वाटला होता. सर्वांत खटकले ते एक वाक्य. "आता परत जायचं नाही" हे तिचे शब्द ट्रेलरमध्ये गाडी भरधाव सुटताना ऐकू येतात, तर चित्रपटात ती ते डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर म्हणते. शब्द तेच, आवाज तोच, पण अर्थ पार उलटा.

हे एकट्या त्या चित्रपटाचे नाही, हेही वाचनातून लक्षात आले. २००३ सालच्या 'कांगारू जॅक'ची प्रसिद्धी बोलक्या कांगारूवर उभी होती, आणि मुख्य कथेत तो कांगारू बोलतो फक्त एका स्वप्नदृश्यात. 'ब्रिज टू टेराबिथिया' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचे वाक्य वगळावे. २००७ मधल्या त्याच्या ट्रेलरमध्ये अद्भुत प्राणी पुढे केले होते, आणि चित्रपट मात्र मैत्रिणीच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या मुलाचा आहे. २०२३ मधला 'वोंका' संगीतिका आहे, हेही त्याच्या ट्रेलरवरून सहज कळत नव्हते, पण अनपेक्षित गाणी आणि अनपेक्षित मृत्यू यांत फार अंतर आहे, त्यामुळे तो प्रकार मी बाजूला ठेवते.

नुकसानभरपाई हा माझा प्रश्न नाही. प्रोमोमधले गाणे चित्रपटात नसल्याच्या एका तक्रारीवर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी निकाल दिला आणि प्रोमो म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार किंवा दिलेले वचन नव्हे, असे स्पष्ट केले. अमेरिकेतील एका न्यायाधीशांनी डिसेंबर २०२२ मध्ये ट्रेलर ही व्यापारी जाहिरातच आहे असे म्हटले खरे, पण तो वाद ट्रेलरमध्ये दिसलेली अभिनेत्री चित्रपटात नसण्यापुरता होता. चित्रपटाचा सूर लपवला म्हणून दाद मागावी, अशी माझी इच्छाही नाही.

आजवर केलेले प्रयत्न सांगते, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवले जाणार नाहीत. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून वयोगट कळतो, आणि भारतात २०२४ पासून यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ असे तीन टप्पेही झाले आहेत, पण पासष्टीच्या माणसाला काय झेपेल ते कोणत्याही वयोगटात बसत नाही. पालकांसाठी माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवर हिंसा, नग्नता, शिवीगाळ, मद्यपान आणि भीतिदायक दृश्ये असे रकाने असतात. पलंगावर शांतपणे झिजत जाणारी बायको त्यांतल्या कोणत्या रकान्यात लिहावी? समीक्षक प्रामाणिक असतात, पण रहस्य फुटू नये म्हणून तेही "उत्तरार्धात चित्रपट गंभीर वळण घेतो" एवढ्यावर थांबतात.

बाबा आता पुन्हा चित्रपटाला येण्याबद्दल बोलू लागले आहेत. या वेळी चूक करायची नाही, म्हणून आपण स्वतः वापरत असलेली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.

पहिला प्रतिसाद

मी काही वर्षे प्रसिद्धीपटांचे संकलन केले आहे, म्हणून थोडे सांगू शकतो. मोठ्या चित्रपटांचे ट्रेलर बहुधा दिग्दर्शकाऐवजी वेगळे संकलक कापतात आणि अधिकाधिक लोकांना यावेसे वाटेल असा सूर त्याला देतात. त्यात सर्वांत मोठे काम संगीत करते. २००५ साली 'द शायनिंग' या भयपटाची खरी दृश्ये वापरून एका संकलकाने कौटुंबिक, हलक्याफुलक्या चित्रपटाचा बनावट ट्रेलर तयार केला होता, तो अवश्य पाहावा.

म्हणून माझी पहिली सूचना ही की ट्रेलर एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा. वाक्य ऐकू येते पण बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, अशा जागा मोजाव्यात, कारण ते वाक्य दुसरीकडून उचलून तिथे बसवलेले असू शकते. कपडे, ऋतू आणि जागा किती वेळा बदलतात तेही पाहावे. दोन मिनिटांत सगळे एकाच प्रवासातले दिसत असेल, तर उरलेल्या चित्रपटाचे काय, हा प्रश्न विचारायला हवा. रुमालाची खूण आपल्याला नंतर दिसली, कारण पहिल्या वेळी ती धून आपले लक्ष धरून होती. यात आपला दोष नाही.

दुसरे म्हणजे पहिल्या आठवड्यात जाऊ नये. समीक्षकांची पसंती आणि सामान्य प्रेक्षकांचा कौल यांत मोठी दरी दिसली, तर अनेकदा कारण अपेक्षाभंगाचे असते. 'इट कम्स ॲट नाइट' या २०१७ च्या चित्रपटाला समीक्षकांनी चांगले म्हटले, पण अमेरिकेत चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोर या पाहणीत त्याला 'डी' श्रेणी दिली. ट्रेलरमुळे लोक राक्षसाच्या अपेक्षेने गेले होते, आणि चित्रपट एकमेकांवरच्या संशयाचा होता. अशी दरी दिसली की नाराज प्रेक्षकांची चार मते वाचावीत. काय मिळाले नाही हे ते नेमके सांगतात, आणि त्यातून काय मिळाले याचा अंदाज येतो.

तिसरे, ब्रिटिश प्रमाणन मंडळ आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्रपटाचे आशय-टिपण देते. त्यात हिंसेबरोबर मन व्यथित करणाऱ्या प्रसंगांचाही उल्लेख असतो. 'डझ द डॉग डाय' या संकेतस्थळाची सुरुवात कुत्र्याच्या मृत्यूच्या प्रश्नापासून झाली. आता तिथे असे असंख्य प्रश्न आहेत आणि प्रेक्षक त्यांना होय किंवा नाही असे मत देतात. नव्या चित्रपटांची उत्तरे यायला मात्र वेळ लागतो.

दुसरा प्रतिसाद

माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. पहिल्या वर्षी मुले माझ्यासाठी सगळे गाळून आणत असत, आणि त्यामागची माया मला कळत होती. तरीही मी कशाने मोडेन याचा त्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकत असे. मृत्यूचे प्रसंग मी पाहू शकत होतो. लग्नाच्या वाढदिवसाचे दृश्य मात्र सोसत नसे. वडिलांना नेमके काय नको आहे, हे आपण त्यांना विचारले आहे का?

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आवाज बंद करून तोच ट्रेलर पुन्हा पाहिला. धून नसताना नवऱ्याचा चेहरा पहिल्या दृश्यापासून काळजीत दिसतो.

दुसऱ्या प्रतिसादातला प्रश्न मी विचारलेला नव्हता. काल रात्री विचारला. बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कोणी गेलं तर चालेल गं. सलाइनची बाटली दिसायला नको." शेवटचे अडीच महिने ते तीच बाटली पाहत बसलेले असत, आणि मी मात्र मृत्यू नसलेला चित्रपट शोधत होते.

त्यामुळे माझा प्रश्न आता बराच लहान झाला आहे. कोणत्याही चित्रपटात रुग्णालयातील खोली दीर्घकाळ दाखवली आहे का, एवढ्याचेच होय किंवा नाही असे उत्तर आणि तेही मराठी व हिंदी चित्रपटांबाबत जिथे मिळेल अशी जागा कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे. तशी जागा नसेल, तर पुढच्या शनिवारी आम्ही निवडलेल्या चित्रपटाचे नाव इथे लिहीन. तो पाहिलेल्या कोणीही फक्त या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि बाकीची गोष्ट आम्हाला सांगू नये, ही विनंती.